उजेड पडला की आंबट होणारे द्रावण : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या वेळच्या टपालात प्रकाश आणि आम्ल यांच्या नात्याविषयी बरेच प्रश्न आले आहेत. त्यांतील सहा निवडून त्यांना येथे उत्तरे देत आहे. दोन प्रश्नांची उत्तरे मुद्दाम विस्ताराने लिहिली आहेत, कारण विषयाचा गाभा तेथे आहे.

प्रश्न : गेल्या महिन्यात मी दाढेत सिमेंट भरून घेतले. डॉक्टरांनी आधी दाढेला निळसर रंगाचे जेल लावले. ते धुताना जिभेला चांगलेच आंबट लागले. नंतर त्यांनी निळ्या प्रकाशाची कांडी दाढेवर धरून भरलेला पदार्थ कडक केला. या प्रकाशामुळे तोंडात आम्ल तयार होते का? मुळात प्रकाशाने आम्ल तयार होऊ शकते का? — एक वाचक, सांगली

उत्तर : आपल्या जिभेला लागलेले आम्ल प्रकाशाने तयार झालेले नव्हते. ते डॉक्टरांनी हाताने लावलेले होते. दाताच्या कवचावर सूक्ष्म खाचा पडाव्यात आणि भरलेला पदार्थ त्यांत घट्ट रुतून बसावा, यासाठी साधारण ३७ टक्के फॉस्फोरिक आम्लाचे जेल काही सेकंद लावून धुऊन टाकतात. कांडीचा निळा प्रकाश त्यानंतर येतो आणि त्याचे काम वेगळे असते. भरलेल्या पदार्थात कॅम्फरक्विनोन नावाचे पिवळे संयुग अगदी थोडे मिसळलेले असते. हे संयुग आपल्या कापराचेच भाऊबंद आहे. ते ४७० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश शोषते, त्यातून मुक्त मूलके तयार होतात, आणि ती मूलके लहान रेणूंना एकमेकांत गुंफून त्यांचे टणक बहुवारिक (पॉलिमर) बनवतात. या सर्व प्रक्रियेत आम्लाचा संबंध येत नाही.

आपण दोन घटनांची जी सांगड घातली, ती मात्र निराधार नाही. दात भरण्याच्या पदार्थांत सिलोरेन नावाचा एक प्रकार काही वर्षांपूर्वी आला होता. त्यात याच निळ्या प्रकाशाने आयोडोनियम क्षारातून तीव्र आम्लधर्मी घटक तयार होत आणि तेच पदार्थ कडक करण्याची सुरुवात करत. तेव्हा आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे आहे. ते आम्ल किती वेळ टिकते, यावर त्याचा उपयोग ठरतो. हा वेळेचा मुद्दा पुढच्या उत्तरांत वारंवार येईल.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. आम्ल तीव्र आहे की सौम्य, हे त्या पदार्थाच्या रचनेवर ठरते असे आम्ही मुलांना सांगतो. दिवा लावल्यावर द्रावणाचा सामू (पीएच) उतरतो, म्हणजे आम्लता वाढते, आणि दिवा बंद केल्यावर तो पुन्हा वर येतो, असे एका व्याख्यानात ऐकले. मग पदार्थाच्या रचनेवर आम्लता ठरते हे विधान चुकीचे म्हणायचे का? — एक शिक्षिका, सातारा

उत्तर : आपले विधान अचूक आहे आणि ते तसेच शिकवत राहावे. प्रकाश त्या नियमाला बगल देत नाही. तो पदार्थाची रचनाच बदलतो, आणि रचना बदलली की आम्लता बदलणे हे आपल्याच विधानाला धरून आहे. रचना बदलण्याचे दोन मार्ग आहेत आणि त्या दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पहिला मार्ग जुना आहे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ थिओडोर फोर्स्टर यांनी १९५० च्या सुमारास त्याचा उलगडा केला. नॅफ्थॉलसारखा रेणू प्रकाश शोषतो तेव्हा त्यातील इलेक्ट्रॉनांची मांडणी क्षणभर बदलते. ऑक्सिजनवरचा इलेक्ट्रॉनभार रेणूतील कार्बनच्या वलयाकडे सरकतो आणि ऑक्सिजनची प्रोटॉनवरची, म्हणजे आम्लता आणणाऱ्या हायड्रोजनच्या धनभारित कणावरची, पकड सैल होते. आम्लाची प्रोटॉन सोडण्याची तयारी पीकेए या अंकाने मोजतात, आणि हा अंक जितका लहान तितके आम्ल तीव्र असते. २-नॅफ्थॉलचा हा अंक अंधारात सुमारे ९.५ असतो, तर प्रकाश शोषलेल्या अवस्थेत तो ३ च्याही खाली, साधारण २.८ पर्यंत येतो. म्हणजे साबणाच्या पाण्याइतक्या अल्कधर्मी द्रावणातच प्रोटॉन सोडू शकणारा रेणू, प्रकाश शोषताच व्हिनेगरमधील अ‍ॅसेटिक आम्लापेक्षा तीव्र आम्ल होतो. हा फरक सुमारे ५० लाख पटींचा आहे. वर्गात हे आकडे फळ्यावर मांडले तर मुले थक्क होतील याची मला खात्री आहे.

पण ही अवस्था टिकते काही नॅनोसेकंद, म्हणजे सेकंदाचे काही अब्जांश. एका नॅनोसेकंदात खुद्द प्रकाश जेमतेम एक फूट पुढे जातो, मग पाण्यातून वाट काढणाऱ्या प्रोटॉनची काय कथा? प्रोटॉनच्या पाण्यातील विसरणाच्या वेगावरून ढोबळ हिशेब केला, तर एका नॅनोसेकंदात तो तीन-चार नॅनोमीटर सरकतो, म्हणजे साधारण दहा-बारा पाण्याच्या रेणूंइतके अंतर. तेवढ्यात मूळ रेणू शांत होतो, त्याला आपला प्रोटॉन परत हवा असतो आणि तो त्याला मिळतोही. त्यामुळे अशा द्रावणावर साधा दिवा कितीही वेळ धरला तरी सामूमापकाचा काटा जवळजवळ हलत नाही. विज्ञानाच्या दृष्टीने हा शोध फार मोलाचा होता, कारण प्रोटॉन एका रेणूवरून दुसऱ्यावर कसा जातो हे त्यामुळे घड्याळ लावून पाहता आले. भांड्यातल्या द्रावणाची आम्लता बदलण्यासाठी मात्र तो पुरेसा नव्हता.

आपण व्याख्यानात ऐकलेला मार्ग दुसरा आहे. अमेरिकेत फ्लोरिडात काम करणारे यी लियाव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये मेरोसायनिन वर्गातील एक रेणू मांडला. त्याची कल्पना अशी करावी. रेणूचे दोन भाग आहेत आणि ते दुहेरी बंधाच्या पुलाने जोडलेले आहेत. एका भागात फिनॉलसारखा ओएच गट आहे, आणि दुसऱ्या भागात धनभार असलेला नायट्रोजन आहे. अंधारात पूल सरळ ताणलेला असतो, त्यामुळे हे दोन्ही भाग एकमेकांपासून दूर राहतात आणि प्रोटॉन ऑक्सिजनवर निवांत बसलेला असतो. निळा प्रकाश पडला की दुहेरी बंध पिळवटून रेणू मुडपतो, ऑक्सिजन दुसऱ्या भागातील कार्बनाच्या पुढ्यात येतो आणि त्याच्याशी बंध जोडून नवे वलय बंद करतो. आता ऑक्सिजनचे दोन्ही हात गुंतले आणि प्रोटॉनला बसायला जागाच उरली नाही. तो द्रावणात निघून जातो.

फोर्स्टरच्या रेणूत प्रोटॉनची पकड क्षणभर सैल झाली होती, तर येथे त्याची जागाच गेली आहे. वलय जोपर्यंत बंद आहे तोपर्यंत प्रोटॉनला परतता येत नाही, आणि हे वलय अंधारात आपोआप उघडायला नॅनोसेकंद नव्हे, तर मिनिटाच्या मापातला वेळ लागतो. एवढ्या अवधीत प्रोटॉन भांडेभर पसरतात आणि सामू खरोखरच उतरतो. लियाव यांच्या पहिल्या प्रयोगात तो ५.५ वरून ३.३ वर आला. २.२ हा फरक दिसायला लहान वाटतो, पण सामूची मोजपट्टी घातांकाची असल्यामुळे त्याचा अर्थ प्रोटॉनांची संहती सुमारे १६० पट झाली असा होतो. दिवा बंद केला की वलये एकामागून एक उघडतात, प्रोटॉन परत घेतले जातात, आणि द्रावणाचा उजेडात फिका पडलेला पिवळा-नारिंगी रंगही परत येतो.

प्रकाशाने दुहेरी बंध पिळवटण्याचे एक उदाहरण मुलांच्या घरात घडून गेलेलेही असू शकते. नवजात बाळाला कावीळ झाली की त्याला निळ्या प्रकाशाखाली ठेवतात. बिलिरुबिनच्या रेणूत दोन आम्लगट हायड्रोजन-बंधांत आत दुमडून गेलेले असतात, म्हणून तो पाण्यात विरघळत नाही. निळ्या प्रकाशाने त्यातील एक दुहेरी बंध पिळला जातो, आतला आम्लगट मोकळा होतो आणि तो रेणू पित्तावाटे बाहेर पडू शकतो. वर्गात मेरोसायनिनपेक्षा हे उदाहरण आधी द्यावे असे मी सुचवेन.

प्रश्न : निसर्गात प्रकाशाने आम्लता बदलण्याची अशी काही सोय आहे का? — एक वाचक, पेण

उत्तर : आहे, आणि आपण राहता त्या भागाशी तिचा संबंध आहे. मिठागरांत उन्हाळ्याच्या अखेरीस पाणी आटून मिठाने दाट झाले की त्यावर गुलाबी-लालसर झाक येते. ती मीठ आवडणाऱ्या सूक्ष्मजीवांची असते. त्यांतील हॅलोबॅक्टेरियम या जातीच्या पेशीच्या पटलात बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिन नावाचे जांभळे प्रथिन असते, आणि १९७१ मध्ये डीटर ओस्टरहेल्ट आणि वॉल्थर स्टोकेनियस यांनी ते ओळखले. आपल्या डोळ्यातील दृष्टीच्या रंगद्रव्यात असतो तोच रेटिनल रेणू त्यात बसवलेला आहे. त्यावर प्रकाशकण पडला की रेटिनलमधील एक दुहेरी बंध पिळतो आणि एक प्रोटॉन पेशीतून बाहेर ढकलला जातो. हे चक्र साधारण शतांश सेकंदात पुरे होऊन प्रथिन पुन्हा तयार होते. बाहेर साठलेले प्रोटॉन आत परतताना जी ऊर्जा देतात, तीवर ती पेशी जगते. मेरोसायनिन प्रोटॉन सोडतो आणि तोच परत घेतो, तर हे प्रथिन प्रोटॉन एका बाजूने घेऊन दुसऱ्या बाजूला सोडते. या दिशेच्या बाबतीत माणसाने बनवलेले रेणू अजून निसर्गाच्या बरेच मागे आहेत.

प्रश्न : मी प्लास्टिकच्या कारखान्यात काम करतो. द्रावणाचे समजले, पण घन किंवा जेलसारख्या बहुवारिकात प्रकाशाने आम्लता बदलून काय साधते? आणि प्रोटॉन तेथे हलू तरी शकतो का? — एक वाचक, अंबरनाथ

उत्तर : बहुवारिकांत प्रकाशाने आम्ल सोडण्याचा एक उपयोग आपण सर्वजण रोज खिशात बाळगतो. मोबाइलमधील चिप घडवताना सिलिकॉनच्या चकतीवर बहुवारिकाचा पातळ थर देऊन त्यावर प्रकाशाने नक्षी उमटवतात. १९८० च्या सुमारास आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत हिरोशी इतो, ग्रँट विल्सन आणि जाँ फ्रेशे यांनी या थरात प्रकाशाने आम्ल सोडणारा क्षार मिसळला. प्रकाश पडेल तेथे थोडे आम्ल तयार होते आणि नंतर थर तापवला की आम्लाचा एकेक रेणू उत्प्रेरक होऊन बहुवारिकाच्या कित्येक साखळ्यांवरील संरक्षक गट एकामागून एक तोडत जातो. थोड्या प्रकाशात मोठे काम होते, म्हणून या पद्धतीला रासायनिक प्रवर्धन म्हणतात. ही आजही चिपनिर्मितीचा कणा आहे. मात्र तेथे वापरतात तो २४८ किंवा १९३ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश, आणि तयार झालेले आम्ल कायमचे. तो क्षार प्रकाशाने फुटतो, त्यामुळे दिवा बंद केल्यावर काहीही मागे फिरत नाही.

म्हणजे एकीकडे नॅनोसेकंदात विरणारे आम्ल आहे आणि दुसरीकडे कधीच न विरणारे. जेलसारखा पदार्थ फुगवायचा आणि पुन्हा आकसवायचा असेल, तर या दोहोंपैकी एकही उपयोगी पडत नाही. तेथे मधला अवधी लागतो. आपण विचारलेल्या प्रोटॉनच्या हालचालीचा प्रश्न नेमका येथे येतो. पाण्यात प्रोटॉनला एक मिलिमीटर अंतर विसरणाने कापायला, वर केला तसाच ढोबळ हिशेब करता, सुमारे एक मिनिट लागतो, आणि पाणी भरलेल्या जेलमध्ये त्याहून काहीसा अधिक. मेरोसायनिनचे वलयही मिनिटाच्याच मापात बंद राहते. हा मेळ बसतो म्हणून मिलिमीटरभर जाडीच्या जेलवर त्याचा परिणाम दिसू शकतो. अंतर दुप्पट झाले की वेळ चौपट होतो, म्हणून एक सेंटीमीटर जाड ठोकळ्यात हे जमेल अशी आशा धरू नये. शंभर मायक्रोमीटरच्या पातळ पापुद्र्यात मात्र ते चटकन घडते. पाण्याचा अंश नसलेल्या कोरड्या, टणक प्लास्टिकमध्ये प्रोटॉनला वाट मिळत नाही आणि खुद्द रेणूलाही मुडपायला जागा मिळत नाही. तेव्हा घन पदार्थाबद्दलची आपली शंका अगदी रास्त आहे.

जेल फुगेल की आकसेल, हे त्याच्या साखळीवर कोणते गट आहेत यावर ठरते. कोळंबी आणि खेकड्यांच्या कवचापासून मिळणाऱ्या कायटोसानमध्ये अमाइन गट असतात. ते आम्लात प्रोटॉन घेऊन धनभारित होतात, एकमेकांना दूर लोटतात आणि जेल पाणी पिऊन फुगते. पॉलिअ‍ॅक्रिलिक आम्लाच्या जेलचे याच्या उलट असते. आम्लता वाढली की त्याचे ऋणभार मिटतात आणि ते आकसते. लियाव यांच्या २०११ च्या कामातच दृश्य प्रकाशाने सामूला प्रतिसाद देणाऱ्या बहुवारिकाचे आकारमान बदलून दाखवले होते आणि त्याच आम्लाने एस्टर बनण्याची अभिक्रियाही चालवली होती. पॉलिअ‍ॅनिलिनसारखे बहुवारिक तर आम्लात हिरवे आणि विद्युतवाहक, आणि आम्लारीत निळे आणि विद्युतरोधक असते. या दोन अवस्थांतील वाहकतेचा फरक कोट्यवधी पटींचा आहे. अशा पदार्थाची आम्लता प्रकाशाने हलवता आली तर वीजप्रवाहालाही प्रकाशाचे बटण मिळते.

व्यवहारातील दोन गोष्टी कारखान्यात काम करणाऱ्याला विशेष महत्त्वाच्या वाटतील. पहिली म्हणजे प्रकाश-आम्ल, म्हणजे मेरोसायनिनसारखा प्रकाशात प्रोटॉन सोडणारा रेणू, बहुवारिकात नुसते मिसळले तर ते हळूहळू पाण्यात निसटते, म्हणून ते रासायनिक बंधाने साखळीलाच जोडणे चांगले. त्याने खर्च आणि खटपट वाढते, तरी मी तोच मार्ग योग्य मानतो. दुसरी गोष्ट प्रकाशाच्या खोलीची आहे. मेरोसायनिन इतका गडद रंगाचा असतो की त्याच्या दाट द्रावणात किंवा जेलमध्ये निळा प्रकाश मिलिमीटरच्या अंशातच संपतो. पण वलय बंद झालेला रेणू जवळजवळ रंगहीन असतो, त्यामुळे वरचा थर उजेडात फिका पडला की प्रकाशाला त्याच्या खालच्या थरापर्यंत वाट मिळते, आणि परिणाम पायरीपायरीने खोल उतरत जातो. रंगद्रव्य स्वतःच प्रकाशाच्या वाटेतून बाजूला होते, हे या रेणूंचे मला सर्वांत देखणे वाटणारे वैशिष्ट्य आहे.

प्रश्न : हा प्रयोग शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात करता येईल का? निळा एलईडी आमच्याकडे आहे. — दहावीतील एक विद्यार्थी, नांदेड

उत्तर : प्रकाशाचा स्रोत तुझ्याकडे आहे, पण रेणू मिळणे कठीण आहे आणि तो शाळेत बनवू नये. तो बनवताना सहसा प्रोपेन सल्टोन नावाचा पदार्थ वापरतात आणि तो कर्करोगकारक मानला जातो. ते काम सुसज्ज प्रयोगशाळेतच व्हावे. प्रदर्शनासाठी तू सामूच्या उलटसुलट बदलाचा भाग दाखवू शकतोस. गोकर्णाच्या फुलांचे निळे पाणी घे आणि त्यात थंड सोडा वॉटर घाल. त्यात विरलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे पाणी थोडे आम्लधर्मी होते आणि निळा रंग जांभळ्याकडे झुकतो. मग ते पाणी हलके गरम करून वायू घालवला की रंग निळ्याकडे परततो. सोड्याच्या बाटलीवर केवळ ‘सोडा वॉटर’ लिहिलेले असले तरी त्यात क्षार मिसळलेले नाहीत ना हे आधी पाहा, नाहीतर रंग अपेक्षेप्रमाणे बदलणार नाही. येथे आम्लता काढून घेणारी उष्णता आहे, प्रकाश नाही, हे फलकावर स्पष्ट लिहावे.

याच धाग्याने जाणारे एक गंभीर संशोधनही आहे. झुरिचच्या ईटीएच संस्थेत मारिया लुकात्स्काया यांच्या गटाने मेरोसायनिन वापरून द्रावणात शोषलेला कार्बन डायऑक्साइड प्रकाशाने बाहेर काढण्याचे प्रयोग केले आहेत. अंधारात द्रावण वायू धरून ठेवते, आणि उजेडात सामू उतरला की तो सोडून देते. निव्वळ पाण्यात हा रेणू हळूहळू फुटतो, कारण पाणीच त्याच्या पुलाच्या दुहेरी बंधावर हल्ला करते, म्हणून त्यांनी पाण्यात दुसरे द्रावक मिसळून तो अधिक टिकाऊ केला.

प्रश्न : माझ्या नात्यातील एका व्यक्तीला कर्करोग आहे. प्रकाशाने गाठीची आम्लता बदलून उपचार करता येतील असे कोणीतरी सांगितले. यात कितपत तथ्य आहे? — एक वाचक, पुणे

उत्तर : आपली काळजी मी समजू शकतो, म्हणून स्पष्ट लिहितो. या पद्धतीने आज कोणावरही उपचार होत नाहीत आणि कोणी तसे सांगून पैसे मागत असेल तर देऊ नयेत. चालू उपचार आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच पुढे न्यावेत.

यात रासायनिक अडचणी दोन आहेत. रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यात राहतो, कारण त्यात दर लिटरला सुमारे २४ मिलिमोल बायकार्बोनेट असते आणि ते येईल ते आम्ल गिळून टाकते. २०११ च्या प्रयोगातील ३.३ हा सामू म्हणजे लिटरमागे अर्धा मिलिमोल प्रोटॉन. एवढे प्रोटॉन रक्तात सोडले तर सामूमापकाला त्याचा पत्ताही लागणार नाही. पाण्यात हे रेणू फारसे विरघळत नाहीत, त्यामुळे केवळ प्रमाण वाढवून ही अडचण सुटत नाही. दुसरी अडचण अशी की निळा प्रकाश त्वचेत जेमतेम एखादा मिलिमीटर शिरतो. खोलवरच्या गाठीपर्यंत जायला लाल किंवा त्यापलीकडचा प्रकाश लागतो, म्हणून असा प्रकाश शोषणारे रेणू शोधणे हे या क्षेत्रातील एक मोठे काम आहे.

यांपैकी पहिल्या अडचणीवर एक पाऊल पडले आहे. २०१५ मध्ये लियाव यांच्याच गटाने इंडॅझोल वलयावर आधारलेले प्रकाश-आम्ल मांडले. पेशींच्या प्रयोगांत वापरतात त्या ७.४ सामूच्या फॉस्फेट बफरमध्येही (सामू स्थिर ठेवणाऱ्या द्रावणातही) ते दृश्य प्रकाशात प्रोटॉन सोडते आणि अंधारात परत घेते. हे यश काचेच्या भांड्यातील आहे, रुग्णाच्या शरीरातील नाही.